मांद्र्याचे दाजी बंधू

पेडणे महालातल्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड आपल्याला ठाऊक असतात ते मुंबईचे थोर वैद्य व संशोधक म्हणून. बुद्धिबळातली त्यांची चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह धरला आणि वडील विठ्ठलपंत मुंबईस गेले, असे सांगतात. पुढे भाऊंनी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण घेतले, तेथेच अध्यापन केले आणि १८५१ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून ते बाहेर पडले. धाकटे बंधू नारायणरावही डॉक्टर झाले.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा हे दोघे बंधू तिच्या सभासदांत होते. भाऊंना हौस होती. नारायणरावांना हात होता. त्या काळी काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचे. मुंबईच्या उकाड्यात ईथर भराभर उडून जाई. रसायनांशी डॉक्टरांची ओळख असे, तिचा येथे उपयोग झाला असणार! १८५६ पासून निघालेल्या एका छायाचित्र-मालिकेत नारायणरावांची चित्रे आली. त्यांत पश्चिम हिंदुस्थानातील नाना जातींची व व्यवसायांची माणसे आहेत. खाली जातीचे नाव असते, माणसाचे नसते. ही उणीव डोळ्यांत खुपते.

ही चित्रे तपकिरीच. रंगाची हौस जपानात फुलली. लखनौची छायाचित्रे काढून गेलेला फेलिचे बेआतो १८६३ मध्ये योकोहामात पोचला व तेथील कारागिरांकडून चित्रांवर जलरंग चढवून घेऊ लागला. पगडीचा लाल रंग, शालूचा जांभळा रंग आपल्याकडेही पुढे चित्रकार भरू लागले. पण नारायणरावांच्या वेळी गिऱ्हाईक साध्या चित्रानेच चकित होई.

भाऊ मात्र शिलालेखांकडे वळले. अजिंठ्याच्या लेखांचे वाचन, कुष्ठरोगावर कवटीच्या तेलाचे प्रयोग, दोनदा मुंबईचे शेरीफपद, सगळे एकाच आयुष्यात. औषध त्यांनी बराच काळ गुप्त ठेवले, याबद्दल टीकाही झाली. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती गेली. अखेरच्या दिवसांत अर्धांगाने गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून भाऊंचे नाव आहे. नारायणरावांची चित्रे असलेल्या त्या मालिकेच्या प्रती परदेशी ग्रंथालयांत आढळतात.