अकाउंटिंग शिकायला अमेरिकेत गेलेल्या पोरानं वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला हरवलं होतं

अमेरिकेत शिकायचंय आणि फुटबॉलही खेळायचाय, असं आज एखाद्या परदेशी पोराला वाटलं तर त्यासाठी रस्ता आखलेला आहे. कॉलेजच्या कोचला व्हिडिओ पाठवायचे, शाळेचे मार्क दाखवायचे, एनसीएएच्या अटींत बसायचं. डिव्हिजन वन किंवा टू मधल्या कॉलेजनं घेतलं तर खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते. डिव्हिजन थ्री मध्ये खेळाच्या नावावर पैसे मिळत नाहीत, तिथं मार्क आणि घरची परिस्थिती बघून मदत होते. काही जण आधी दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात जातात आणि तिथून मोठ्या कॉलेजात उडी मारतात.

१९४७ मध्ये हा रस्ता असा नव्हता. कॉलेजांच्या टीम होत्या, पण एनसीएएची फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती थेट १९५९ मध्ये.

त्याच १९४७ मध्ये हैती या छोट्या कॅरिबियन देशातून २३ वर्षांचा एक पोरगा न्यूयॉर्कला आला. नाव जो गेटजेन्स.

जोचा जन्म १९ मार्च १९२४ चा, हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधला. आडनाव जर्मन वळणाचं, कारण त्याचे एक पूर्वज जर्मनीच्या ब्रेमेनमधून व्यापारासाठी हैतीला आले आणि तिथलेच झाले. घर खाऊनपिऊन सुखी. चौदाव्या वर्षी जो एतवाल हैतिएन क्लबकडून खेळायला लागला आणि १९४२ व १९४४ मध्ये क्लबनं देशाची लीग जिंकली.

पण हैतीत फुटबॉलवर पोट भरणं शक्य नव्हतं. हातात काहीतरी शिक्षण हवं होतं. हैती सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि जो कोलंबिया युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकायला आला. स्कॉलरशिप होती ती हिशेब शिकण्यासाठी. फुटबॉलचा त्यात काही संबंध नव्हता.

खेळ मात्र सुटला नाही. अमेरिकन सॉकर लीगमध्ये ब्रुकहॅटन नावाची टीम होती. तिच्या मालकाचं हार्लेममध्ये हॉटेल होतं. जो त्याच हॉटेलात भांडी घासायचा आणि त्याच मालकाच्या टीमकडून गोल मारायचा. शिक्षण, भांडी आणि फुटबॉल असा तिहेरी संसार. १९४९-५० च्या मोसमात त्यानं १५ मॅचमध्ये १८ गोल मारले आणि तो लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा ठरला.

आजच्या काळात जोला हे जमलं नसतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या पोराला कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय पगाराचं काम करता येत नाही. हॉटेलातली भांडी तिथंच संपली, आणि मॅचचे पैसे घेणंही कामातच धरलं जाऊ शकतं. थोडक्यात काय, तर आजच्या पोरांसाठी रस्ता आखलेला आहे, पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपणही आहे. जोला रस्ता नव्हता आणि कुंपणही नव्हतं.

१९५० चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये होता. हा तोच वर्ल्ड कप, ज्यात भारताला जागा मिळाली होती आणि भारत गेलाच नाही. अमेरिकेची टीम मात्र निघाली होती आणि तिला गोल मारणारा माणूस हवा होता. जो अमेरिकेचा नागरिक नव्हता. पण नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला तरी खेळता येईल, असा तेव्हा अमेरिकन फेडरेशनचा नियम होता. जोनं तो जाहीर केला आणि टीममध्ये आला. या मुद्द्यावर पुढं बोंबाबोंब झाली, फिफानं चौकशी केली आणि अमेरिकेला सोडून दिलं.

टीम म्हणजे नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचा गोतावळा. गोलकीपर फ्रँक बोर्गी काकांच्या अंत्यविधीच्या धंद्यात शववाहिका चालवायचा, वॉल्टर बार शाळामास्तर, हॅरी किओ पोस्टात. कोच बिल जेफ्री मूळचे स्कॉटलंडचे, पेन स्टेट कॉलेजच्या टीमला वर्षानुवर्षं शिकवणारे.

समोर इंग्लंड. बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन, आल्फ रॅम्सी. स्टॅनली मॅथ्यूजला तर गरजच नाही म्हणून बाहेर बसवलं होतं.

२९ जून १९५०, बेलो होरिझोन्ते. सुरुवातीपासून इंग्लंडचे शॉट्सवर शॉट्स. बोर्गी अडवतोय, कधी खांब अडवतोय. हाफटाइमला सातआठ मिनिटं उरली असताना बारनं लांबून शॉट मारला. इंग्लंडचा कीपर बर्ट विल्यम्स त्या बाजूला सरकला. तेवढ्यात गर्दीतून जोनं झेप घेतली, बॉल डोक्याला लागला आणि दिशा बदलून जाळ्यात गेला.

तो मुद्दाम मारलेला हेडर होता की बॉल नुसताच डोक्यावर आपटला, यावर इंग्लंडवाले पुढं बरीच वर्षं वाद घालत राहिले. पण ज्या लीगमध्ये १५ मॅचमध्ये १८ गोल होतात, तिथं सगळे काही चुकून लागलेले नसतात.

मॅच १-० नं संपली. ब्राझीलच्या लोकांनी जोला खांद्यावर उचलून मिरवलं. अमेरिकेत मात्र कुणाला फारसं काही कळलंच नाही. मॅचला अमेरिकेचा एकच पत्रकार हजर होता, डेंट मॅकस्किमिंग, आणि तोही सुट्टी काढून स्वतःच्या खर्चानं आलेला.

या टीममधले दोघं पुढं कॉलेज फुटबॉलचे मोठे कोच झाले. किओनं सेंट लुइस युनिव्हर्सिटीला पाच वेळा एनसीएएचं विजेतेपद मिळवून दिलं. बारनं पेन स्टेटची टीम सांभाळली. आज परदेशी पोरं ज्या रस्त्यानं जातात, तो घडवण्यात या मंडळींचा हात होता.

जो मात्र परतलाच नाही त्या वाटेला. अमेरिकेकडून तो एकूण तीनच मॅच खेळला, तिन्ही त्या वर्ल्ड कपमध्ये. नागरिकत्व त्यानं घेतलंच नाही. तो फ्रान्सला गेला, रेसिंग क्लब द पॅरिस आणि आलेसकडून खेळला, मग हैतीला परत आला. डिसेंबर १९५३ मध्ये मेक्सिकोविरुद्ध वर्ल्ड कप पात्रतेच्या मॅचमध्ये तो हैतीकडून उतरला. लग्न झालं, तीन मुलं झाली. कोलगेट-पामोलिव्हसाठी काम केलं, ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं, पोरांना फुटबॉल शिकवला.

१९५७ च्या निवडणुकीत फ्रांस्वा दुव्हालिए ऊर्फ पापा डॉक सत्तेवर आला. गेटजेन्स कुटुंब त्याच्या विरोधातल्या लुई देज्वाचं समर्थक होतं. जोचे धाकटे भाऊ तर देशाबाहेर राहून सरकार उलथवण्याच्या तयारीतल्या गटात होते. जून १९६४ मध्ये दुव्हालिएनं स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतलं, तेव्हा घरच्यांनी देश सोडला. जो थांबला. राजकारणात तो कधीच नव्हता. आपण साधे खेळाडू, आपल्याला कोण हात लावणार, असा त्याचा हिशेब होता.

८ जुलै १९६४ च्या सकाळी तो दुकानावर पोचला, तेव्हा दुव्हालिएचे टाँटाँ माकूट, म्हणजे सरकारी गुंड, त्याची वाट बघत होते. त्याला फोर्ट दिमांशच्या तुरुंगात नेलं. तिथून तो बाहेर आला नाही. त्याच महिन्यात त्याला मारलं असं मानलं जातं. वय ४०.

१९७२ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसनं त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी यँकी स्टेडियमवर मॅच ठेवली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सॉकर हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. मृतदेह घरच्यांना कधीच मिळाला नाही.