१५ चा वर्ग २२५ : ठरलेली मिळकत नाही, सरकारी मदत नाही, तरी पंडिता रमाबाईंनी केडगावात शेकडो जणींचा संसार उभा केला

गोष्ट १८९५ च्या सुमाराची. लोणावळ्यात ख्रिस्ती लोकांची मोठी प्रार्थनासभा भरली होती. पुण्याहून एक मराठी बाई आपल्या संस्थेतल्या १५ मुलींना घेऊन तिथे आल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले, आणि कानांनी जरा कमीच ऐकू यायचं.

एका सकाळी त्या रानात जाऊन बसल्या आणि त्यांनी देवाकडे एक अजब मागणं केलं. माझ्या या १५ मुलींचा वर्ग कर. गणितातला वर्ग. म्हणजे २२५.

गंमत अशी की त्यांच्या अख्ख्या संस्थेतही तेव्हा तेवढ्या मुली नव्हत्या. तेवढ्यांना झोपवायला जागा नव्हती आणि जेवू घालायला पैसाही नव्हता. तरी त्यांनी तो आकडा टिपून ठेवला.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, धर्मांतराचा वाद, एवढ्यावर गोष्ट संपते. पण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी भाग त्यानंतर सुरू होतो आणि तो घडतो पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावच्या माळरानावर. तो समजून घ्यायचा तर आधी थोडं मागे जावं लागेल, कारण देवावर भरवसा टाकला की काय होतं याचा पहिला अनुभव रमाबाईंना फार वाईट आला होता.

२३ एप्रिल १८५८ ला सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी भटाभिक्षुकांचा रोष ओढवून घेतला होता. हाच माणूस श्रद्धेच्या बाबतीत मात्र पक्का जुन्या वळणाचा. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, मग बायकामुलांना घेऊन तीर्थयात्रा सुरू झाली. देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर गुजराण करायची आणि त्यातलंही दान करायचं. नवस, उपास, जप यात कुठेच कसूर नव्हती.

त्यातच दक्षिणेत दुष्काळ पडला. भीक मागायची लाज वाटे आणि अंगमेहनतीचं काम कुणाला शिकवलेलं नव्हतं. दागिने, भांडी, कपडे विकून झाले. शेवटी पाणी आणि रानातला पाला एवढंच पोटात जाऊ लागलं. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि काही महिन्यांत थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा खांदा देणाऱ्यांत रमाबाई स्वतः होत्या. उंची कमी पडली म्हणून त्यांनी ते ओझं डोक्यावर घेतलं. वय होतं १६.

उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने मरायची वेळ आली, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं आणि देव काही पावला नाही, हा हिशेब दोघांच्याही मनात तिथेच कुठेतरी पक्का झाला.

पुढची काही वर्षं नुसती धावपळीची आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. वयाच्या २४ व्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गमावलेली ही बाई लेकीला घेऊन पुण्यात आली, तिने आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे मुलींच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली आणि १८८३ मध्ये बोट पकडून इंग्लंड गाठलं.

त्याच वर्षी तिथे वाँटेज गावी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादळ उठलं. त्यांची बाजू घेणाऱ्या मोजक्या लोकांत जोतीराव फुले होते. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई पाद्र्यांच्या मुठीत गेल्या असं कुणी समजू नये. बिशपचं सगळं का ऐकायचं यावरून त्यांचे इंग्लंडमधल्या ख्रिस्ती भगिनींशी पत्रातून खटके उडत राहिले. शाकाहार सोडला नाही, लुगडं सोडलं नाही आणि कुठल्या एका पंथाचा शिक्काही मारून घेतला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. गावोगाव भाषणं केली, पुस्तक लिहिलं. त्यातून १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचा असं तिने कबूल केलं. अट एकच, शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार नको.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी कोकणातली गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झालेल्या आनंदीबाई कर्वे. वर्षा-दीड वर्षात सदन पुण्यात हललं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग १८९३ आलं. सकाळी रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. दार बंद ठेवा, असं सुचवलं गेलं. रमाबाईंनी नकार दिला. सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने झोड उठवली आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं. पालकांनी मुली धर्म बदलायला पाठवल्या नव्हत्या आणि रमाबाईंना स्वतःच्या घरात स्वतःचा देव लपवायचा नव्हता. आता या गोष्टीकडे पाहताना एक मात्र जाणवतं. पुण्यातल्या सुधारकांचा आधार सुटला त्यामुळेच रमाबाईंनी दुसरी माणसं शोधली. १८९१ च्या सुमारास त्यांची स्वतःची श्रद्धाही बदलली होती. तोवर ख्रिस्ती धर्म त्यांना बुद्धीला पटला होता, आता तो त्यांना आपला वाटू लागला होता. लोणावळ्याचं ते १५ च्या वर्गाचं मागणं या काळातलं.

आणि १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

बातम्या वाचून रमाबाईंना बावीस वर्षांपूर्वीची आपली उपाशी आई आठवली. त्या उठल्या आणि थेट दुष्काळी भागात गेल्या. मदतीच्या छावण्यांत त्यांनी जे पाहिलं ते भुकेपेक्षा भयंकर होतं. अनाथ पोरींवर दलालांची नजर होती आणि काही ठिकाणी राखणदारच त्यांच्यावर हात टाकत होते. रमाबाईंकडे पैसे नव्हते, पुण्यातल्या घरात जागा नव्हती, अमेरिकेची मदत विधवांच्या शाळेपुरती होती. त्यांनी ३०० मुली आणायच्या असं ठरवलं.

मुली यायला लागल्या. नुसते सापळे, डोक्यात उवा, अंगभर खरूज, कित्येकींना धड बोलताही येईना. २२५ चा आकडा मागे पडला. तेवढ्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आणि माणसं एका जागी गोळा करायला बंदी. एवढ्या पोरी न्यायच्या कुठे?

केडगावला. तिथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. संत्री, लिंबं, आंबे लावायचे आणि त्यावर शारदा सदनाचा खर्च भागवायचा असा साधा बेत होता. आता त्याच रानात घाईघाईने छपरं उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या आणि जागेला नाव मिळालं मुक्ती. दरम्यान पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे जे हाल चालले होते त्यावर जाहीर पत्र लिहून त्यांनी मुंबई सरकारलाही अंगावर घेतलं. गोरे साहेब आपल्या धर्माचे म्हणून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

१८९८ मध्ये बोस्टनचा दहा वर्षांचा शब्द संपला. शारदा सदनाची मदत नव्या संघटनेमार्फत पुढे चालू राहिली. मुक्तीला मात्र कुणाचाच ठरलेला आधार नव्हता. इथे रमाबाईंनी जो निर्णय घेतला तो समजायला ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरची ओळख हवी. या जर्मन माणसाने इंग्लंडमध्ये हजारो अनाथ मुलं वाढवली, तीही कुणाकडे वर्गणी न मागता. गरज लागली की प्रार्थना करायची, येईल त्यात भागवायचं, कर्ज काढायचं नाही. चीनमध्ये हडसन टेलर याच वाटेने गेला होता. रमाबाईंनी या दोघांची चरित्रं वाचली होती आणि हे हिंदुस्थानात चालेल का, असा प्रश्न त्यांना पडला होता. देवाने अनाथांना सांभाळीन असं वचन दिलंय ना, मग ते इथेही खरं ठरलं पाहिजे. त्यांनी मुक्तीचा कारभार त्या भरवशावर सोडला.

आता कुणी म्हणेल, मग बाप तरी वेगळं काय करत होता? त्याचाही भरवसा देवावरच होता.

याचं उत्तर केडगावच्या रोजच्या दिवसात सापडतं. डोंगऱ्यांच्या घरात कुणाला हाताचं काम येत नव्हतं आणि त्यापायी घर मेलं. मुक्तीत एकही मुलगी हाताला कामाशिवाय ठेवली नाही. कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी मागावर. तेलाचा घाणा, शिवणकाम, टोपल्या विणणं, धुणं आणि चक्क छापखाना. टाइप जुळवणाऱ्या बायका, मशीन चालवणाऱ्या बायका. अंध मुलींसाठी मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती. प्रार्थना पहाटे व्हायची आणि मग दिवसभर घाम. रमाबाईंनी देवाकडे भाकरी मागितली, पण पेरणी कधी चुकवली नाही.

दुसरं म्हणजे त्या एकट्या नव्हत्या. शारदा सदनाच्या दिवसांत सुंदराबाई पवार सोबत होत्या. १८९८ मध्ये मिनी अब्राम्स ही अमेरिकन मिशनरी बाई मुक्तीत आली. शिवाय सदनातच शिकून मोठ्या झालेल्या मुली होत्या आणि खरा भार त्यांनीच उचलला. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंच्या शब्दावर याच बायका रेल्वेने, बैलगाडीने दुष्काळी मुलखात शिरल्या आणि पोरी गोळा करून आणल्या. एकेकाळी ज्यांना कुणीतरी असंच उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्यांना आणत होत्या. मुक्तीचा आकडा दीड हजाराच्या पुढे गेला आणि काही काळ तर दोन हजारांच्या आसपास पोचला.

पैसे यायचे कुठून? इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कुठून कुठून. मुक्तीच्याच छापखान्यात निघणारं 'मुक्ती प्रेयर बेल' हे पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जायचं. त्यात कामाची खबर असायची, म्हणजे गरज अगदीच गुप्त नव्हती. याला कुणी श्रद्धा म्हणेल, कुणी चांगला जनसंपर्क म्हणेल. पण उद्याचं धान्य कुठून येणार हे लेखी कुठेच नसताना आज नव्या शंभर पोरींना हो म्हणणं, हे नुसत्या जनसंपर्काने होत नाही.

टीकेचा एक मुद्दा मात्र शिल्लक राहतोच. उपाशी मरणाऱ्या मुलीला जेवू घालणाऱ्याचा धर्म तिने स्वीकारला, तर त्याला तिची मर्जी म्हणायचं का? रमाबाईंनी केडगावात धर्म लपवला नाही, इथे ख्रिस्ती शिकवण मिळते हे उघड होतं. मुलींना पाजलेलं दूध आणि शिकवलेली प्रार्थना एकाच हातातून येत होती. हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैर नव्हता. दुसरीकडे, त्या मुलींना छावणीतून बाहेर काढायला त्या वेळी फार कुणी आलं नव्हतं, हेही तेवढंच खरं.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत रोजचा खास प्रार्थनागट सुरू केला. सुरुवातीला ७० जणी होत्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. महिनाअखेरीस तिथे असं काही उसळलं की मुली तासन् तास रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांनाच हा प्रकार खटकला. रमाबाईंचं उत्तर असं की आमच्या मुलींना आपल्या पद्धतीने देवापुढे उभं राहू द्या, विलायती शिस्त कशाला. या मुलींचे गट मग आसपासच्या गावांत जाऊ लागले.

स्वतः रमाबाई हळूहळू एका टेबलाशी बसल्या. त्या काळचं मराठी बायबल संस्कृतने जड झालेलं होतं, खेड्यातल्या बाईला ते कळत नसे. संस्कृतच्या या पंडितेने ठरवलं की सगळं बायबल सोप्या मराठीत आणायचं आणि इंग्रजीवरून नाही, मुळावरून. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. भाषांतर त्या करायच्या, टाइप मुक्तीतल्या बायका जुळवायच्या. काम पंधरा-सोळा वर्षं चाललं. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं, त्याने या दिनक्रमात काही फरक पडला नाही.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. वय ४०. आईनंतर मुक्ती तीच सांभाळणार असं सगळे धरून चालले होते. रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्या गेल्या. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांचं मराठी बायबल पूर्ण छापून बाहेर पडलं. छापखाना मुक्तीचाच होता आणि खिळे जुळवणारे हात दुष्काळातून वाचलेल्या बायकांचे.