गौतमीपुत्र सातकर्णी कोणाचा?

पैठणच्या सातवाहनांचे नाव निघाले की आमच्या ह्या छत्रपती संभाजीनगरात, पेढीवर असो वा वाचनालयात, एक प्रश्न हटकून उभा राहतो : हे राजे मूळचे कोण? कोणी त्यांस अस्सल महाराष्ट्रीय म्हणतो, कोणी आंध्र. कोणी ब्राह्मण, कोणी क्षत्रिय, तर कोणी नागवंशी. २०१७ साली ह्या कुळातील सर्वांत पराक्रमी पुरुषावर तेलुगू बोलपट निघाला, तेव्हा ह्या वादास पुन्हा धार चढली. वाद करणाऱ्यांपैकी किती जणांस त्या राजाचे चरित्र ठाऊक आहे, ह्याविषयी आम्हांस शंका आहे. म्हणून आज तेच सांगावयाचे योजिले आहे.

गौतमीपुत्र सातकर्णी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेला. तो गादीवर आला तेव्हा घराण्याचे वैभव ओसरले होते. नाशिक, जुन्नर, कार्ले आणि कोकणची बंदरे क्षहरात कुळातील नहपान ह्या शक राजाकडे गेली होती. ह्या नहपानाचा जावई उषवदात. तो आपणांस शक म्हणवितो; पण ब्राह्मणांस ३,००,००० गाई आणि १६ गावे दिल्याचे नाशिकच्या लेण्यांत कोरून ठेवतो, आणि त्याच लेण्यांत बौद्ध भिक्षूंचीही सोय लावतो. आमच्या व्यापारी वाचकांस मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेविली होती. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. पहिल्या रकमेचे वर्षाचे २४० होतात. त्यांतून २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रासाठी मिळावयाची. हिशेब चोख आहे. परका म्हणून ज्यास हिणवावे, त्याचे व्यवहार हे असे.

ह्या शकसत्तेचा गौतमीपुत्राने समूळ उच्छेद केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे जमिनीतून निघाला. १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली, सारी नहपानाची. आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. नाणी वितळवून नवी पाडण्याच्या खटाटोपात तो पडला नाही. शत्रूची चांदी आपल्या नावाने बाजारात फिरू लागली, एवढे त्यास पुरले. पुष्कळ नाण्यांवर खालचा नहपानाचा मुखवटा अजूनही ओळखू येतो.

जिंकल्यानंतरची त्याची वागणूक आम्हांस युद्धाहून अधिक लक्षणीय वाटते. राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंस दिले. सहा वर्षांनी कळले की, त्यांस दिलेल्या शेताची लागवड होत नाही आणि ते गावही ओस पडले आहे. तेव्हा त्याने मातेसह नवी आज्ञा काढून नगराच्या शिवेवरील सरकारी जमिनीतून १०० निवर्तने दिली. दान कागदोपत्री पुरे झाले म्हणून हात झटकणारे अधिकारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. चुकलेले दान स्वतःहून दुरुस्त करणारा राजा विरळा.

त्याच्या मृत्यूनंतर माता गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, नाशिकचे लेणे भिक्षूंस अर्पण करताना पुत्राचे गुण कोरविले. त्यांत शक, यवन आणि पल्हव ह्यांचा संहार आहे, मुलूक, अश्मक, विदर्भ, अपरान्त, सौराष्ट्र इत्यादी देशांची यादी आहे, धर्माला अनुसरून घेतलेल्या करांची स्तुती आहे. क्षत्रियांचा गर्व हरण केला आणि चार वर्णांचा संकर थांबविला, असेही आहे. त्यास अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे असे काही पंडित वाचतात. ब्राह्मणांचा एकमेव कैवारी एवढाच अर्थ दुसरे लावतात. पुराणे ह्या कुळाच्या मूळ पुरुषास शूद्र ठरवितात. आमच्या पैठणची लोककथा तर शालिवाहनास नागाचा पुत्र करून कुंभाराच्या घरी वाढविते. एका घराण्यास इतक्या जाती लाभल्या, ह्यावरून घराण्याविषयी थोडे कळते, सांगणाऱ्यांविषयी फार.

देशाचा वाद ह्याहून सुटणारा नाही. पुराणे त्यांस आंध्र म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या लेखांत मात्र सातवाहन कुळ एवढेच येते, आणि बलश्रीच्या यादीत आंध्र देश नाही. नाणेघाट व नाशिक येथील जुने लेख महाराष्ट्रातले. उलट घराण्याच्या मूळ पुरुषाची मानलेली नाणी तेलंगणात कोटिलिंगाल येथे निघाली, तेही गोदावरीच्याच काठी. सुकथनकरांनी बल्लारीकडे बोट दाखविले, मिराशींनी विदर्भाचा पक्ष घेतला. पुढल्या सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस दक्षिणेची द्रविड बोली आहे. नदीच्या दोन टोकांस राहणाऱ्या प्रजेसाठी राजांनी एकाच नाण्यावर दोन्ही भाषांस जागा दिली. आजचे वादी ते नाणे मधोमध कापून मागतात. (आमच्या शहराची वसाहत १६१० साली खडकी येथे करणारा मलिक अंबर तर हबशी होता, त्याने आणलेले पाणी पिताना कोणी त्याचे कुळ विचारले नाही.)

ज्या शकांच्या नाशाचा एवढा डंका, त्यांचीच कालगणना पुढे कित्येक शतकांनी शालिवाहनाच्या नावावर चढली, आणि दिवाळीत चोपडीपूजन करताना आमचे व्यापारी बंधू आजही शके लिहितात. घरातली हकीकत तर त्याहून बोलकी आहे. संकर थांबविल्याची कीर्ती आजीने कोरविली. पण पुढल्याच पिढीत, बहुधा गौतमीपुत्राचाच एक मुलगा, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, ह्याने कार्दमक ह्या दुसऱ्या शककुळातील महाक्षत्रपाची कन्या वरली. इ. स. १५० च्या गिरनार येथील लेखात महाक्षत्रप रुद्रदामा सांगतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीस त्याने दोनदा जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. त्या शककन्येचे नाव काळाने पुसले. तिच्या अमात्याने कान्हेरीच्या डोंगरात पाण्याचे एक टाके दान दिले. त्यावरील लेखात ती कोणाची राणी आणि कोणत्या कुळाची लेक, एवढे अजून वाचता येते.