संगणकाला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

आज संगणकाला आज्ञा देताना आपण साधे शब्द टंकतो. ही सोय आपोआप आलेली नाही. तिच्यामागे गणिताच्या एका प्राध्यापिकेची जिद्द आहे.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली सात घड्याळे एकामागून एक खोलली! पुढे त्या व्हासार महाविद्यालयात गणित शिकवू लागल्या व १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचे होते. पण वय जास्त आणि वजन कमी. तरीही खास परवानगी मिळवून त्या १९४३ मध्ये दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी हार्वर्ड येथील ‘मार्क वन’ या सुमारे १५ मीटर लांबीच्या गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी यंत्राला आज्ञा अंकांत द्याव्या लागत. एक अंक चुकला की सारे गणित चुके. हे रूपांतर यंत्रानेच का करू नये, असे हॉपरबाईंना वाटले. १९५२ साली त्यांनी तसा ‘कंपायलर’ तयार केला. यंत्र फक्त आकडेमोड करते, असे मानणाऱ्या अनेकांचा त्यावर विश्वासच बसेना.

पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची सोय केली. त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवल्या, तेव्हा कंपनीचे वरिष्ठ धास्तावलेच. अमेरिकेतल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल? वास्तविक यंत्राला सगळे शब्द सारखेच, नुसत्या खुणा. पण काम पुढे जावे म्हणून बाईंना इंग्रजीपुरतेच थांबावे लागले. त्याच कामाच्या पायावर १९५९-६० मध्ये ‘कोबोल’ ही भाषा उभी राहिली. बँकांचे आणि पगाराचे हिशेब तिच्यात होऊ लागले. सन २००० च्या तोंडावर जुन्या कोबोल आज्ञावल्यांतील दोन अंकी वर्षांची दुरुस्ती करण्यात भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता.

१९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या बेल्लमपल्लीत घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी असते. यांतली कोणतीही भाषा यंत्राला परकी नाही, हे हॉपरबाईंनी पूर्वीच दाखवून दिले आहे. उरलेले काम आता तुमचे!