तरुणांचा पिता संत डॉन बॉस्को



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को यांचा सण. जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते. डॉन हे इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी लावायचे आदराचे संबोधन, आपल्याकडच्या फादरसारखे. त्याचा इथे सिनेमातल्या डॉनसारखा अर्थ नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला दरवर्षी सांगावे लागते! त्यांच्या नावाच्या शाळा आपल्याला माहीत आहेत. पण त्यांनी सर्वांत आधी सुरू केली ती शाळा नव्हती. रस्त्यावरच्या कोणत्याही पोराने यावे, खेळावे, चार अक्षरे शिकावीत, प्रार्थना करावी आणि एक पैसाही देऊ नये, अशी ती जागा होती. आज त्या जागेची गोष्ट सांगायची आहे.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीत, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील न्यूमोनियाने वारले. घरात म्हातारी आजी, सावत्र भाऊ अँथनी, सख्खा भाऊ जोसेफ आणि त्यात दुष्काळ. आई मार्गारेटला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिने मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण तोंडी दिले.

नवव्या वर्षी जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात खूप मुले शिव्या देत, मारामारी करत होती. जॉन त्यांना आवरायला मुठी आवळून धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि या मुलांना माराने नव्हे तर मायेने जिंकायचे आहे, असे सांगितले. हे स्वप्न ते जन्मभर विसरले नाहीत.

जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे पाहून जॉन दोरीवर चालायला, कोलांट्या मारायला आणि हातचलाखीचे खेळ करायला शिकला. वाडीतली मुले जमवून तो खेळ करी. तिकीट एकच, रोझरी म्हणायची आणि रविवारचे प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. पण त्याचे शिकणे अँथनीला खपेना. शेवटी घरात शांतता राहावी म्हणून आईने बारा वर्षांच्या लेकराला दूरच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. जवळजवळ दोन वर्षे त्याने दुसऱ्याची गुरे राखली. पुढे शाळेत असताना त्याने शिंप्याकडे, कॅफेत, मिळेल तिथे काम करून पोट भरले. बाप नसलेला, घराबाहेर पडावे लागलेला मुलगा कसा असतो हे डॉन बॉस्को यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते तुरीन शहरात आले. तेथे फादर जोसेफ कफासो यांनी त्यांना तुरुंगात नेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरे तिथे उवा-पिसवांत पडलेली होती. डॉन बॉस्को यांच्या एक गोष्ट लक्षात आली. यातली बरीच पोरे चांगले वागायचे ठरवून सुटत आणि काही दिवसांनी पुन्हा तिथेच येत, कारण बाहेर त्यांचे कोणी नसे. पडलेल्याला उचलणारे पुष्कळ होते. पडण्याआधी हात धरणारा कोणी नव्हता.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, ते मिस्सासाठी तयार होत असताना बार्थोलोम्यू गरेली नावाचा पोरगा सॅक्रिस्टीत येऊन उभा राहिला. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही म्हणताच सॅक्रिस्टनने त्याला काठीने बडवून हाकलले. डॉन बॉस्को यांनी हा आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावून घेतले. मिस्सानंतर त्यांनी चौकशी केली. आईबाप नाहीत, लिहिता-वाचता येत नाही, गवंड्याच्या हाताखाली काम. मग त्यांनी विचारले की शीळ तरी घालता येते का? पोरगा हसला. दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली आणि धर्मशिक्षणाला सुरुवात झाली. पुढच्या रविवारी गरेली आपले सोबती घेऊन आला.

ही पोरे होती कोण? डोंगरातली गावे सोडून शहरात आलेले बिगारी, गवंडी, धुराडी साफ करणारे. आठवडाभर हाडे मोडेपर्यंत काम आणि रविवारी जायला जागा नाही. डॉन बॉस्को यांनी त्यांना रविवार दिला. सकाळी पापनिवेदन आणि मिस्सा, मग खेळ, गाणी, हिशेब आणि अक्षरओळख. यालाच ते ओरेटरी म्हणत.

पण शे-दीडशे पोरे एकत्र आली की गोंगाट होणारच. १८४४ ते १८४६ या काळात ही ओरेटरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली. दफनभूमीजवळच्या चॅपेलातून तिला हाकलले, पिठाच्या गिरण्यांजवळून हाकलले, भाड्याच्या खोल्यांतून हाकलले. शेवटी एक मोकळे शेत मिळाले, तर पोरांच्या पायांनी गवताची मुळेसुद्धा मरतात म्हणून मालकाने तेही सोडायला सांगितले. सरकारला या जमावाचा संशय येऊ लागला. सोबतच्या धर्मगुरूंना तर त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असे वाटले. दोघे जण त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी घोडागाडी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनी नम्रपणे त्या दोघांना आधी आत बसवले, दार लावले आणि गाडीवानाला गाडी हाकायला सांगितली!

त्याच दिवसांत तुरीनच्या वाल्डोको भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड भाड्याने मिळाली. १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, तिथे पहिला मिस्सा झाला. मात्र अतिश्रमाने जुलैत डॉन बॉस्को मरणाच्या दारात पोहोचले. त्या वेळी बिगारी पोरांनी उन्हातान्हात काम करत उपास केले, पाळीपाळीने रात्रभर प्रार्थना केल्या. ते वाचले. नोव्हेंबरमध्ये ते वाल्डोकोला परतले तेव्हा सोबत अठ्ठावन्न वर्षांची आई होती. गावचे घर, नातवंडे सोडून ती या पोरांची आई व्हायला आली होती. तिने आपल्या लग्नाच्या वस्त्रांतून मिस्साची वस्त्रे शिवली. पोरांनी एकदा तिची भाजीची बाग तुडवली, तेव्हा ती कंटाळून गावी जायला निघाली. लेकाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती माघारी वळली आणि १८५६ साली मरेपर्यंत तिथेच राहिली. संतांच्या कामात अशा आयांचा वाटा केवढा असतो, हे आम्ही धर्मगुरू कित्येकदा सांगायचे विसरतो.

डॉन बॉस्को फक्त खेळवून थांबले नाहीत. पोरे ज्या मालकांकडे काम करत तिथे ते स्वतः जाऊन पाहणी करत. १८५२ सालचा एका सुताराशी केलेला करार आजही जपून ठेवलेला आहे. पोराला धंदा नीट शिकवायचा, चुकल्यास तोंडाने समज द्यायची पण हात उगारायचा नाही, सणा-रविवारी सुट्टी द्यायची, अशा अटी त्यात आहेत. कामगार कायदे नव्हते त्या काळातली ही गोष्ट! १८५३ पासून त्यांनी आवारातच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई शिकवायला सुरुवात केली. १८५४ साली तुरीनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा याच ओरेटरीतली ४४ मुले रोग्यांची सेवा करायला पुढे आली. ज्यांना शहर उपद्रवी म्हणत होते, त्यांनीच शहराचे अंथरूण स्वच्छ केले.

१८७७ साली त्यांनी आपली पद्धत थोडक्यात लिहून काढली. तिचे तीन खांब आहेत : विवेक, धर्म आणि माया. आधी नियम सांगून मग चुकणाऱ्याची वाट पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते. वडीलधाऱ्याने मुलांमध्येच असावे, म्हणजे चूक व्हायला जागाच कमी राहते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलकडून शिकलो की सद्गुण ही सवय आहे. पण ती सवय लागायची तर शेजारी कोणीतरी रोज हवे, हे आम्हाला डॉन बॉस्को यांच्या चरित्राने शिकवले.

१८५९ साली त्यांनी आपल्याच पोरांतून सालेशियन संघ उभा केला. १८७२ साली मारिया माझ्झारेल्लो यांच्यासोबत मुलींसाठी व्रतस्थ भगिनींचा संघ सुरू झाला. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूघरी गेले. १९३४ साली ईस्टरच्या दिवशी ते संत म्हणून घोषित झाले.

त्यांचे सालेशियन १९०६ साली भारतात तंजावरला आले आणि १९२८ साली मुंबईत. १९८७ साली मुंबईत वडाळ्याला त्यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी शेल्टर सुरू केले. रेल्वे फलाटावर राहणाऱ्या पोराने यावे, अंघोळ करावी, झोपावे, शिकावे, कोणाशी तरी बोलावे. गरेलीला जे मिळाले तेच, दीडशे वर्षांनी, आपल्या महाराष्ट्रात.

आता एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळायला येत. आपली थोडी, गावातली जास्त. एकदा खिडकीची काच फुटली, दोघे जण भिंतीआड सिगारेट ओढताना सापडले आणि आम्ही फाटकाला कुलूप लावले. आवार शांत झाले. पोरे कुठे गेली, याची आम्ही चौकशी केली नाही. वर्षभराने त्यातलाच एक जण महामार्गावरच्या धाब्यामागे भर दुपारी दारू प्यायलेला दिसला. त्याने आम्हाला ओळखले आणि तोंड फिरवले. त्या रात्री आम्हाला गवताची मुळे मोजणारा तो शेतमालक आठवला.

वरवे बुद्रुक आणि नसरापूर परिसरात आज हेच चालले आहे. दहावीला अडकलेली पोरे, कंपनीत सहा-सात महिने कंत्राटावर काम आणि मग ब्रेक, हातात मोबाईल, त्यात जुगार. वेल्ह्याच्या वाड्यांतून कामाला आलेल्यांना तर रविवारी जायला घरही जवळ नाही. मुलींना कोपऱ्यावर उभे राहायचीही सोय नाही.

म्हणून या महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून दुपारी चार ते सात आपला हॉल आणि मैदान उघडे राहील. कोणत्याही जातीधर्माच्या मुलामुलींसाठी, एकही रुपया न घेता. कॅरम, चेंडू आणि अभ्यासाची टेबले आहेत. आम्हाला पैसे नको आहेत, माणसे हवी आहेत. प्रत्येक वेळी किमान दोन मोठी माणसे, त्यांत एक महिला, हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, असे ठरवले आहे. वायरिंग, वेल्डिंग, शिवण येणाऱ्यांनी, निवृत्त शिक्षकांनी, आणि ज्यांना फक्त चहा करून पोरांशी बोलता येते त्या मावश्या-आज्यांनी मिस्सानंतर आपली नावे सॅक्रिस्टीत द्यावीत.

काच पुन्हा फुटेल, गोंगाट होईल, भाजीची बाग तुडवली जाईल. तेव्हा आपण सर्वांनी मार्गारेटसारखे एकदा क्रूसाकडे पाहावे. फाटकाची किल्ली आम्ही खिळ्यावर टांगून ठेवली आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू