डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रांग लागते. रबरी चाकांच्या त्या गाड्यांना जुनी माणसं अजून डनलॉपची गाडी म्हणतात. टायर कुठल्याही कंपनीचा असो, नाव डनलॉपच! तुम्हीही हा शब्द ऐकला असेल आणि असेल कुठली तरी कंपनी म्हणून सोडून दिला असेल. पण डनलॉप हा आधी एक माणूस होता, आणि तोही इंजिनियर नाही, चक्क जनावरांचा डॉक्टर.

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचं शेतकरी घर. एडिंबराला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन तो वयाच्या १९ व्या वर्षी डॉक्टर झाला (आपण त्या वयात एसवायची केटी काढत असतो, ते जाऊ द्या). १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्ट शहरात त्याचा दवाखाना चांगलाच चालला. घोडे हे त्या काळचं वाहन, त्यामुळे पेशंटची कमी नव्हती.

आता जनावराच्या डॉक्टरची पंचाईत बघा. पेशंट बोलत नाही, कुठे दुखतंय ते सांगत नाही. त्याची चाल पाहायची, खूर कुठल्या बाजूने जास्त झिजलाय ते पाहायचं आणि त्यावरून दुखणं ओळखायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेलफास्टचे रस्ते दगडी होते. डनलॉपचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. तिची चाकं भरीव रबराची, त्यामुळे हाडं खिळखिळी व्हायची. १८८७ च्या अखेरीस बापाने एक प्रयोग केला. लाकडाची गोल चकती घेतली, तिच्याभोवती रबराची नळी बसवली, वर कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग अंगणात आधी भरीव रबराचं चाक ढकललं, नंतर हे हवेचं. भरीव चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक अंगण ओलांडून थेट पलीकडे जाऊन धडकलं. २८ फेब्रुवारी १८८८ ला जॉनीच्या सायकलला नवी चाकं लागली आणि त्याच वर्षी पेटंटही मिळालं.

लोक आधी हसलेच. मग मे १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती मारल्या आणि हसणं थांबलं. हार्वी ड्यू क्रॉस हा धंदेवाईक माणूस पुढे आला, कंपनी उभी राहिली.

पण भरीव रबरात नसलेलं एक दुखणं हवेबरोबर आलं. भरीव चाकाला प्रेशर नावाची भानगडच नव्हती. टायरमध्ये मात्र वजन पेलते ती हवा. ती कमी-जास्त झाली की रबर वेडंवाकडं झिजतं. गाडीही बोलत नाही, टायर दाखवतो. म्हणून आज पार्किंगमध्ये डनलॉपसारखे खाली बसा आणि टायर नीट वाचा.

नक्षी मधोमध गुळगुळीत आणि कडा शाबूत? हवा जास्त आहे. टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतोय. उलट दोन्ही कडा घासल्यात आणि मध्ये नक्षी बरी आहे? हवा कमी, किंवा तिब्बल सीट जास्त. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दुमडतो, तापतो, आणि उन्हाळ्यात भर रस्त्यात फुटू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते बाइकच्या चेनकव्हरजवळ आणि कारच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर पाहा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. हे पंपावरच्या पोरालाही सांगावं लागतं.

कारचा टायर एकाच बाजूने खाल्ला असेल तर हवेला दोष देऊ नका, तो अलाइनमेंटचा आजार. चाक उभ्या रेषेत न राहता आत किंवा बाहेर कललं की ती बाजू जाते. त्याला कॅम्बर म्हणतात. पुढची चाकं वरून पाहिली तर एकमेकांकडे तोंड करून किंवा पाठ फिरवून चालत असतील तर तो टोचा बिघाड. तो हाताला कळतो. गाडी बंद करून टायर थंड झाल्यावर नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने मऊ आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. मध्येमध्ये खळगे पडलेत तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. नगर-मनमाड रोडचे खड्डे खाल्लेल्या गाडीत यातलं एक तरी सापडतंच.

आणि एक. नुसतं अलाइनमेंट करून घेऊन उपयोग नाही. आधी हवा बरोबर करायची, मग बॉल जॉइंट, बुश सैल आहेत का ते बघायचं, शेवटी मशीनवर चढवायचं. सैल जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जातं आणि पैसेही. बाइकवाल्यांनी चेन ताणल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना एवढं बघावं. नाहीतर मागचं चाक तिरकं चालतं. कारची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला.

डनलॉपचं पुढे काय झालं? धंदा रंगात आला आणि कळलं की हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं. तेव्हा त्याचं वय २३. त्याची चाकं लंडनच्या रस्त्यांवर फिरलीही होती. पण तेव्हा ना आजच्यासारखी सायकल होती ना मोटार, त्यामुळे जग विसरून गेलं. डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं. थॉमसनचं माहीत नसताना त्याने तेच पुन्हा शोधलं होतं. मला वाटतं, पहिला नसला तरी टायर लोकांच्या पायाखाली आणला तो यानेच. ते श्रेय पेटंटच्या कागदावर मावत नाही.

पेटंट त्याने आधीच कंपनीला देऊन टाकलं होतं. १८९५ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ड्यू क्रॉसने ती ३० लाख पौंडांना विकली. डनलॉपला त्यातलं फारसं काही मिळालं नाही. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं. जाहिरातींत त्याला ऐटबाज छानछोकीचा माणूस दाखवायचे, ते त्याला अजिबात आवडायचं नाही. डब्लिनमध्ये कापडाच्या धंद्यात लक्ष घालत तो २३ ऑक्टोबर १९२१ ला वारला.

त्यानंतर २७ वर्षांनी, १ जून १९४८ ला, राज्यातली पहिली एसटी नगर-पुणे मार्गावर धावली. बेडफर्डची गाडी होती. चाकं अर्थात हवेची.