रयतेचे गोधन राखणारा राजा

इ. स. १८९६ सालची गोष्ट. त्या वर्षी दख्खनच्या पठारावरून पावसाने लवकर पाठ फिरविली. हस्त नक्षत्र कोरडे गेले. उभी पिके करपली आणि रब्बीच्या पेरण्या खोळंबल्या. गावोगावचे शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसले. परंतु ढगाचा मागमूस कोठे दिसेना.

दुष्काळ म्हटला की माणसांच्या अन्नाची चिंता आपल्या मनात प्रथम येते. परंतु शेतकऱ्याच्या घरी दुसरीही एक चिंता असते. ती त्याच्या दावणीला बांधलेली असते. ज्वारीच्या एकाच ताटावर दोघांचे पोट चालते. कणसातील दाणे घरच्या माणसांना मिळतात आणि ताटांचा कडबा गोठ्यातील बैलांना मिळतो. पीक बुडाले की भाकरी आणि वैरण दोन्ही एकदमच नाहीशी होतात. मग वैरणीचे भाव कडाडतात आणि गुरांचे भाव कोसळतात. ज्या खिल्लारी बैलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले, तेच बैल शेतकरी मिळेल त्या किमतीला विकून टाकतो. पुढल्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर येतो, जमीन भिजते. पण नांगर ओढायला बैल नसतो! अशा रीतीने एका वर्षाचा दुष्काळ पुढील कित्येक वर्षे घरात मुक्काम ठोकून राहतो.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली, अशा राज्यकर्त्यांत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण पुरे करून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कारभाराला जेमतेम अडीच वर्षे होतात न होतात, तोच हे संकट दारात येऊन उभे राहिले.

महाराजांचा पिंड मोकळ्या रानातला. कुस्ती, घोडदौड व शिकार यांची त्यांना मनापासून आवड होती. हत्ती, घोडे, कुत्री यांच्या सहवासात ते रमत असत. भुकेल्या जनावराकडे पाहून त्याची अवस्था ओळखणारी नजर त्यांच्याजवळ होती. दुष्काळाचे चिन्ह दिसू लागताच ते संस्थानात फिरू लागले. त्यांनी रयतेची दैन्यावस्था स्वतः पाहिली, तिची गाऱ्हाणी ऐकली आणि उपाय योजिले.

हातांना काम मिळावे म्हणून दुष्काळी कामे सुरू झाली. स्वस्त धान्याची दुकाने निघाली. निराधारांसाठी आश्रम उघडले गेले. शेतकऱ्यांना तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, वाटण्यात आले. माणसांची सोय अशी लागली. परंतु गुरांचे काय?

मुलांनो, धान्य आणि वैरण यांत मोठा फरक आहे. धान्याचे पोते लहान. पण त्यात एका कुटुंबाचे कित्येक दिवसांचे अन्न मावते. गवताचे तसे नसते. गाडी काठोकाठ भरली तरी तिच्यात वजन थोडेच असते आणि चार बैल ते थोड्या दिवसांत फस्त करतात. शिवाय गाडीला जुंपलेल्या बैलांनाही वाटेत खायला घालावे लागते. वाट फार लांबची असली, तर गाडीतील बरीचशी वैरण गाडी ओढणाऱ्यांच्याच पोटात जाते. आगगाडीने गवत पाठवावयाचे, तर ते आधी कापून, वाळवून, दाबून त्याचे घट्ट गठ्ठे बांधावे लागतात. नाहीतर डबा भरतो आणि माल थोडाच जातो.

मग करावे काय? कोल्हापूर संस्थानचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. पूर्वेकडील मैदानापेक्षा तेथे पाऊस कितीतरी अधिक पडतो आणि डोंगरउतारांवर गवत वाढते. एरवी राखीव जंगलात गुरे शिरली की त्यांची रवानगी कोंडवाड्यात व्हायची. महाराजांनी ही राखीव जंगले गुरांच्या चराईसाठी खुली केली. ज्या गुरांना पोसणे धन्याला अशक्य झाले होते, त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या. वैरण गुरांपर्यंत पोहोचविणे जेथे कठीण, तेथे गुरांनाच वैरणीपर्यंत जाण्याची वाट त्यांनी मोकळी करून दिली. बैल विकण्यासाठी बाजाराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे केवढा धीर आला असेल!

या संकटातून रयत सावरते न सावरते, तोच १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला. हा दुष्काळ देशाच्या फार मोठ्या भागात पसरला होता. गुजरातेत तो ‘छप्पनियो’ या नावाने आजही ओळखला जातो; कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. मुंबई इलाख्यात सरकारने जंगलांतील गवत कापविले आणि त्याचे गठ्ठे आगगाडीने गुजरातेकडे रवाना केले. तरीही तेथील लक्षावधी गुरे मृत्युमुखी पडली. संकट आल्यावर केलेली धावपळ किती अपुरी पडते, हे त्या वर्षाने सर्वांना दाखवून दिले. कोल्हापुरातही महाराजांना पुन्हा तीच दुष्काळी कामे, तीच दुकाने आणि तीच तगाई यांची व्यवस्था करावी लागली.

या दोन दुष्काळांपासून महाराजांनी एक धडा घेतला. दुष्काळात वैरण वाटणे हे राजाचे कर्तव्य खरे. परंतु वैरण वाटण्याची पाळीच येऊ नये, अशी तजवीज करणे हे त्याहून मोठे कर्तव्य होय. पाणी असेल तर पीक येईल आणि पिकाबरोबर कडबाही येईल. म्हणून १९०२ साली त्यांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले. विहिरी व तलाव यांकडे लक्ष पुरविले. पुढे काही वर्षांतच भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. तेथे त्यांनी एक गाव वसविले आणि त्याला आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी असे नाव दिले.

एवढे प्रचंड काम एका छोट्या संस्थानाच्या खजिन्याला पेलणे सोपे नव्हते. पैशाची चणचण भासू लागली आणि काम अर्ध्यावर थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले, तेव्हा धरण अपुरेच होते. परंतु त्यांनी घातलेला पाया वाया गेला नाही. पुढे ते काम पुन्हा सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली, धरण पूर्ण झाले.

शाहू महाराजांनी शिक्षणासाठी आणि दीनदलितांच्या हक्कांसाठी जे कार्य केले, त्यामुळे लोक त्यांना राजर्षी म्हणतात. त्या थोर कार्याच्या शेजारी ही गोष्टही आपण ध्यानात ठेवली पाहिजे. माणूस आपले दुःख बोलून दाखवू शकतो, राजाच्या दारात जाऊन दाद मागू शकतो. दावणीचा बैल मात्र मुकाट्याने रिकाम्या गव्हाणीकडे पाहत उभा राहतो. ती रिकामी गव्हाण ज्याच्या डोळ्यांना दिसली, तोच रयतेचा खरा राजा.